डाव्या हाताची गिटार

बाबा, मी गिटार घेतली. डाव्या हाताची. म्हणजे तिच्या तारा नेहमीच्या गिटारच्या उलट लावलेल्या असतात. उजव्या हाताच्या बोटांनी दाबायच्या आणि डाव्या हातानं छेडायच्या. तुमचा फोटो बैठकीत जिथे लावला आहे, बरोबर त्याच्या समोर मी खुर्ची ठेवली आहे आणि रोज कचेरीतून आले की तासभर तिथे बसते. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "त्यायच्या समोर काहून बसते वं? आतल्या खोलीत बस ना." मी म्हटलं, "त्यांनाच ऐकवायचं आहे." तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्यासाठी एवढ्या नेमानं काहीच केलं नव्हतं.

तुम्हाला वाटत असेल, चौपन्नाव्या वर्षी हे काय खूळ. लोकांनाही वाटतं. पण हे खूळ नाही, हा सूड आहे, आणि तो कसा घेतला ते तुम्हाला सविस्तर सांगायचं म्हणून लिहायला बसले आहे. हे पत्र कुठे जाणार नाही हे मला माहीत आहे. तुमच्या हातात पडलं असतं तर तुम्ही आधी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या असत्या.

लालबर्र्याच्या सरकारी शाळेत तुम्ही प्रधानपाठक होता. मी तुमच्याच शाळेत, तुमच्याच वर्गात. घरी बाबा आणि शाळेत गुरुजी, आणि दोन्हीकडे माझा डावा हात तुमच्या डोळ्यांत सलायचा. आरतीला डावा हात पुढे गेला की मागून टपली. ताटात डावा हात गेला की ताट उचललेलं. "मास्तरची पोट्टी डावरी म्हणतील लोक," तुम्ही आईला म्हणायचे, "साऱ्या गावच्या पोरायले मी वळण लावून राह्यलो अन् माह्या घरी असं." पहिलीत असताना आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून तुम्ही माझं डावं मनगट खुर्चीला बांधायचे आणि उजव्या हातात पेन्सिल द्यायचे. दुसरीच्या शेवटी मी उजव्या हातानं लिहायला लागले. अक्षर वाईट यायचं, पण उजव्या हाताचं यायचं. तुम्ही त्याच आठवड्यात मला शाईचं पेन आणून दिलं, निळं, सोनेरी टोपणाचं. वर्गात सगळ्यांसमोर दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला होता, की आज तो आठवला तरी स्वतःचा राग येतो.

मग हार्मोनियमचा दिवस. मी नऊ वर्षांची आहे. दर शनिवारी देवळात तुमचं भजन असायचं, म्हणून हार्मोनियम घरीच असायची. तिला हात लावायचा नाही असा नियम होता. त्या दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात आणि मी पेटी उघडली. उजवा हात मागे भात्याकडे नेला आणि डाव्या हातानं पट्ट्या दाबायला लागले. कोणी शिकवलं नव्हतं. तुमचं शनिवारचं भजन कानात होतं, ते बोटांत उतरत होतं, म्हणजे पूर्ण नाही, पहिली ओळ. तीच ओळ मी तीन वेळा वाजवली. चौथ्यांदा चुकली नाही. मी वर बघितलं तर तुम्ही समोर उभे. मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, अरे वा. तुम्ही सुरांकडे लक्षच दिलं नाही. तुम्हाला फक्त कोणता हात आहे ते दिसलं. "पुन्हा डावा?" एवढंच म्हणाले आणि झाकण लावलं. हात काढायला सांगितलं नाही. लावलं.

करंगळीशेजारचं बोट मोडलं. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं बांबूची कामटी बांधून ते बसवलं, पण ते वाकडं बसलं आणि मधल्या सांध्यात कायमचं आखडलं. आजही ते पूर्ण मिटत नाही. मूठ केली की तेवढं एक बोट बाहेर राहतं. तुम्ही त्याबद्दल पुढे कधी बोलला नाही. विचारलं तर आई सांगायची, "पडली होती खेळता खेळता." पुढे मीही तेच सांगायला लागले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुमचं रिटायर होणं, आपण बालाघाटला येणं, माझं कचेरीत टायपिस्ट म्हणून लागणं. टाइपरायटरवर पहिल्यांदा कोणी माझा कोणता हात चालतो ते बघितलं नाही. दोन्ही हात लागतात म्हणे. वाकड्या बोटाचं काम मधल्या बोटानं केलं, आणि सगळ्या शाखेत माझा वेग जास्त होता. लग्न झालं नाही, त्याला तुम्ही कारण नाही. तेवढं तुमच्या नावावर टाकत नाही. तुम्ही गेलात, मग मी आणि आई दोघीच राहिलो. मला वाटत होतं, तो सगळा राग केव्हाच विरून गेला.

कचेरीतून घरी येताना स्टेशनच्या बाजूला एक गल्ली लागते. तिथे एक मुलगी घरीच गिटार शिकवते. मुलगी म्हणजे अठ्ठावीस-तीसची असेल, लग्न झालेली. दोन वर्षं मी त्या खिडकीखालून जात होते आणि हळूहळू माझी पावलं तिथे मंद व्हायला लागली होती. एका संध्याकाळी ती दारातच उभी होती. म्हणाली, "आंटी, रोज रुकती हो. अंदर आ जाओ ना." मी गेले. तिनं आपली गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि चहा ठेवायला आत गेली. परत आली तर मी गिटार उलटी धरली होती. गिटारची मान माझ्या उजवीकडे, डावा हात तारांवर. मला कळलंही नव्हतं. ती म्हणाली, "आंटी, उल्टी पकड़ी है आपने." चौपन्न वर्षांची बाई मी, घाईघाईनं गिटार फिरवायला लागले. तेवढ्यात ती हसली. "एक मिनट, लेफ्टी हो क्या आप?" असं विचारलं तिनं, जसं कोणी विचारतं, अरे, तुम्ही पण आमच्याच गावचे का?

बाबा, हे मला तोवर कोणी विचारलंच नव्हतं. सांगितलं होतं सगळ्यांनी. विचारलं नव्हतं.

मी हौ म्हटलं. तिनं समजावून सांगितलं की बरेच डावखुरे लोक साधी गिटारच शिकतात, कारण तीत तारा दाबायचं अवघड काम डाव्याच हाताला करावं लागतं, मग त्यांना उलट सोपं जातं. आणि साधी गिटार कुठेही मिळते. मला पटलं. पहिला कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा जुडगा, तिनं दोन बोटांचा दिला, वरून दुसरी आणि तिसरी तार. तो जमला. पंधरा दिवस मी तिच्याच गिटारवर तोच वाजवला. मग तिनं तीन बोटांचा दिला आणि माझं ते बोट तारेपर्यंत पोचेचना. पोचलं तर आडवं पडायचं, शेजारची तार मुकी व्हायची. तिनं माझा हात हातात घेऊन बघितलं. "ये क्या हुआ था?"

"बचपन में गिर गई थी," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी घरी येताना मी मधेच थांबले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी अजून तुमची अब्रू राखत होते. एका परक्या मुलीसमोर, जिला तुमचं नावही माहीत नव्हतं. त्या क्षणी जो राग आला तो विरलेला नव्हता, कुठेतरी नीट घडी घालून ठेवलेला होता. मी ठरवलं, गिटार घ्यायची तर डाव्या हाताचीच. तारा छेडायची चकती, पिक, धरायला अंगठा आणि पहिलं बोट लागतं, ती दोन्ही तुम्ही शाबूत ठेवली होती.

बालाघाटमध्ये तशी मिळेना, म्हणून एका रविवारी गोंदियाला गेले. महाराष्ट्राच्या हद्दीवरचा राजेगावचा पूल ओलांडला तेव्हा मी बसमध्ये चक्क हसत होते. लहानपणी तुम्ही तो पूल आला की नदीला नमस्कार करायला लावायचे, उजव्या हातानं. दुकानदार साठीचा, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस. त्यानं भिंतीवरच्या चार-पाच गिटारी काढून दिल्या. मी म्हटलं, डाव्या हाताची पाहिजे. त्यानं नातवासाठी का विचारलं. मी म्हटलं, माझ्यासाठी. त्यानं चष्मा पुसला.

"ताई, डाव्या हाताची इथं कोणी मांगतच नाई. तुमी म्हणसान तर याच्याच तारा उलट्या करून देतो, पाच मिनटाचं काम. पण करू नोका."

"काहून?"

"हे पाहा." त्यानं तारा जिथे संपतात तिथली हाडाची पट्टी दाखवली. "हे तिरकी बसवली असते. जाड तारेले वेगळी लांबी, बारीक तारेले वेगळी. तारा उलट्या केल्या का वरच्या फ्रेटवर, या आडव्या पट्ट्यायवर, सूर हटते. अन् इकडच्या खाचा पाहा, जाड तारेची खाच मोठी, बारीकची लहान. जाड तार बारीक खाचेत बसणारच नाई. जुन्या हाताच्या माणसाले समजते, गिटार बेसूर हाये. तुमी नव्या. तुमाले वाटन, मीच बेसूर."

मग त्यानं मला बसवून मोठी गिटार दिली, तिच्यात माझा खांदा वर उचलला जात होता. लहान अंगाची दिली, ती कुशीत नीट बसली. तारा मानेपासून किती उंच आहेत ते त्यानं नख घालून दाखवलं. उंच असल्या की बोट कापतं आणि शिकणारा महिन्याभरात सोडून देतो. नायलॉनच्या तारांची एक दाखवली, ती बोटाला मऊ होती पण मान फार रुंद. शेवटी लहान अंगाची, पोलादी बारीक तारांची, डाव्या हाताची अशी एक नागपूरहून मागवायचं ठरलं. तीन आठवडे लागले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यानं ती सुरात लावूनच ठेवली होती. मी मांडीवर घेतली आणि प्रथमच काही फिरवावं लागलं नाही. येताना बसमध्ये ती उभी धरून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "पोराची हाये का?" मी म्हटलं, "माही."

मग सुरू झाला तुमच्या फोटोसमोरचा कार्यक्रम. पहिले दोन महिने काय वाजत होतं ते सांगण्यासारखं नाही. उजव्या हाताच्या बोटांना आधी रेघा पडल्या, मग फोड आले, मग साल निघाली आणि खालून जाड कातडी आली. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जायला मला इतका वेळ लागायचा की आई मधल्या वेळात विचारायची, "झालं का?" तारा खरडायच्या, बोटांखाली गुदमरायच्या, आणि प्रत्येक वाईट आवाजाला मी तुमच्याकडे वर बघायचे. सुरांचे तुम्ही किती काटेकोर. भजनात कोणाचा स्वर हलला तर तुम्ही पेटी थांबवायचे. ऐका, बाबा. हार घातलेला आहे, उठून जाता येत नाही. खरं सांगते, त्या दोन महिन्यांइतकं सुख मला फार दिवसांत झालं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात कॉर्ड बदलायला लागले आणि एका संध्याकाळी चार कॉर्ड एका लयीत, न थांबता, फिरून पहिल्यावर आले. मी वर बघायला विसरले.

आणि तेव्हाच लालबर्र्याहून दोघे जण घरी आले. तुमचे विद्यार्थी. एकाची राइस मिल आहे, दुसरा पोस्टातून रिटायर झालेला. शाळेत सभागृह बांधलं आहे, त्यात तुमचा फोटो लावायचा आहे, कार्यक्रमाला आईनं यावं आणि मी दोन शब्द बोलावे. आईच्या पाया पडले, मग माझ्याही पडायला लागले. "गुरुजी नसते तर आमी ढोरं चारत राह्यलो असतो, ताई," मिलवाला म्हणाला. त्याचे डोळे खरंच भरले होते. मी म्हटलं, "येते. आणि मी वाजवीन पण काहीतरी." ते खूश झाले. गुरुजींची कला मुलीत उतरली म्हणाले.

पुढचे तीन आठवडे मी भाषण पाठ केलं. कचेरीत, रिक्षात, अंघोळ करताना. कुठे थांबायचं, कुठे हात वर करायचा, सगळं. एवढी तयारी मी नोकरीच्या परीक्षेची केली नव्हती.

सकाळचा कार्यक्रम होता. दीडेकशे माणसं असतील. आईला शाल-श्रीफळ दिलं, ती पहिल्या रांगेत नारळ मांडीवर घेऊन बसली. फोटोवरचा पडदा सरकवला. तुम्ही होता, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. मग माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. चिंधी सांगितली, खुर्ची सांगितली, पेटीचं झाकण सांगितलं. डावा हात वर केला आणि मूठ केली आणि ते एक बोट बाहेर राहिलेलं दाखवलं. "ये मेरे पिताजी ने किया है," मी म्हटलं. "आपके गुरुजी ने."

पंखे ऐकू येत होते. मला वाटलं, झालं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली, पण झालं.

मग मागून एक जाडजूड माणूस मोठ्यानं बोलला, "अरे दीदी, आपकी तो एक उंगली गई! हमारे तो दोनों कान लंबे कर दिए गुरुजी ने!" आणि सगळे हसले. खदखदून. कोणी म्हणालं, "मले तर डस्टर फेकून मारलं होतं, अजून खूण हाये." कोणी उठून खूण दाखवली. "उसी मार से तो आदमी बने हम!" आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या, बाबा. सूत्रसंचालक माझ्यासमोरचा माइक ओढून घेत म्हणाला, "ऐसे अनुशासनप्रिय थे हमारे गुरुजी. अपनी सगी बेटी को भी नहीं छोड़ा." पुन्हा टाळ्या. मी दगड मारला होता आणि त्यांनी तो फुलासारखा उचलून तुमच्या फोटोला वाहिला.

मी गिटार घेऊन बसले. आता ते सगळ्यात शेवटचं होतं, डाव्या हातानं, तुमच्या शाळेत, तुमच्यासमोर. पण दुसऱ्याच फेरीत कॉर्ड चुकला. आणि ते लोक लयीत टाळ्या देत राहिले, प्रेमानं, मला सांभाळून घेत. मी कसंतरी संपवलं. आईकडे बघितलं तर ती नारळाकडे बघत होती.

तोंड धुवायला मी शाळेच्या मागे नळावर गेले. तिथे शाळेत मुलांचं जेवण शिजवणारी बाई मोठाली भांडी घासत होती, त्या दिवशी पाहुण्यांचं जेवण होतं. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिनं नळ मोकळा करून दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी खोटं नाई सांगतलं, बाई."

मी तिच्याकडे वळले. तिच्या हातात राख लावलेला काथ्या होता. डाव्या हातात.

"मले बी बांधत," ती म्हणाली. "तुमाले चिंधीनं बांधलं. मले सुतळीनं. बाकाले."

"मग?"

"मंग काय. चौथीतून सोडून देल्ली शाळा. घरी म्हणत, डावरी हाये, डोस्कं नाई. म्या बी म्हटलं, नसन." तिनं भांडं उपडं घातलं. "तुमी वर्गात होत्या ना. पुढच्या बाकावर. तुमाले पेन भेटला तवा म्या टाळ्या वाजवल्या होत्या."

मला ती आठवत नव्हती. आजही आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला. तुमच्यावरचा माझा सगळा राग त्या वेळी मला अगदी लहान वाटला, कारण मला निदान नोकरी होती, पेन्शन लागणार होती, नागपूरहून गिटार मागवता आली होती. तुम्ही माझं एक बोट घेतलं. तिचं काय काय घेतलं ते तुम्हाला माहीतही नसेल. तिच्याकडे तुमचा फोटो नाही, तुम्हाला शिव्या द्यायला तिला हक्काची भिंतही नाही. आणि ज्या भिंतीवर तुम्हाला लावलं त्या भिंतीखालचे पाहुणे तिनं शिजवलेलं जेवून गेले.

ती माझ्या खांद्यावरच्या गिटारकडे बघत होती. "हे डाव्या हाताचीच हाये का खरंच? अशी मिळते?"

मी पायरीवर बसवून तिच्या मांडीवर दिली. तिनं आधी दोन्ही हात पदराला पुसले. मी काही सांगायच्या आत तिनं ती बरोबर धरली आणि डाव्या अंगठ्यानं वरून खालपर्यंत सगळ्या तारा छेडल्या. मग पोटावर हात ठेवला. "अवं, हे तर पोटात वाजते," म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी मी लालबर्र्याला जाते. सकाळच्या बसनं गिटार घेऊन, तिच्या घराच्या ओट्यावर. तिची बोटं इतकी राठ की तारा तिला लागतच नाहीत. मला दोन महिने जे दुखलं ते तिला एक दिवसही दुखलं नाही. पण एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना ती अडते, मी अडायचे त्यापेक्षा जास्त. तिची सून आतून हसते, नातवंडं गोळा होतात, ती कोणाकडे लक्ष देत नाही. कॉर्डची नावं तिला लक्षात राहत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना दोन बोटांचा, तीन बोटांचा, असंच म्हणतो. मला वाटत होतं, हा खरा सूड. त्या सभागृहातला नव्हे, हा. तुम्ही जिला उठवून दिलं तिला मी बसवलं.

इथवर लिहून थांबायचं होतं. मागच्या रविवारचं लिहायचं नव्हतं.

मागच्या रविवारी ती तीन बोटांचा कॉर्ड लावत होती. मधलं बोट एक तार वर पडत होतं. मी सांगितलं, खाली. तिनं खाली घेतलं, छेडलं, पुन्हा उचललं, पुन्हा वर. पाच वेळा. सात वेळा. ऊन ओट्यावर आलं होतं, माझी परतीची बस होती. मी म्हटलं, "किती वेळा सांगायचं? लक्ष कुठं आहे?" हा आवाज मी ओळखला, पण तो तोंडातून निघून गेला होता. आणि तिनं पुन्हा चुकीच्या तारेवर बोट ठेवलं तेव्हा मी तिच्या बोटांवर चापट मारली. जोरात नाही. पण हलकीही नाही.

तिनं हात मागे घेतला. एकदम, अंगाशी. साठीकडे झुकलेली बाई, तीन नातवंडांची आजी, तिनं तो हात असा मागे घेतला की तो किती वर्षांचा आहे हे मला दिसलं. गिटार तिनं अलगद खाली ठेवली. "भात हाये चुलीवर, बाई," म्हणाली आणि आत गेली. मी ओट्यावर बसून राहिले. आवाज दिला, "माझं चुकलं." आतून म्हणाली, "हौ, काई नाई." पण बाहेर आली नाही. बस आली तेव्हा मी निघाले.

आठवडाभर मी विचार करते आहे की हेही तुमचंच. तुमच्याकडून आलं, तुम्ही माझ्यात ठेवून गेलात. तसं लिहूनही बघितलं आणि खोडलं. चापट मारली तेव्हा तुम्ही तिथे नव्हता. त्या ओट्यावर तिचे आणि माझे, दोघींचेच हात होते.

तुम्हाला माफ केलं असं समजू नका. केलेलं नाही. खुर्ची अजून फोटोसमोरच आहे. येत्या रविवारी तिचा दिवस नाही, तरी मी जाणार आहे. ती बाहेर येईल की नाही ते माहीत नाही. आईला मी यातलं काही सांगितलं नाही, गिटारवाल्या मुलीलाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे. कारण आपण मारलं आणि समोरचं माणूस हात मागे घेऊन आत निघून गेलं, की त्यानंतर त्या जागी बसून कसं वाटतं, हे विचारायला माझ्या ओळखीत दुसरं कोणी नाही.